स्वागताची मुलगी

फीची पावती बाबांनी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलीय,
घडी मोडू नये म्हणून पुठ्ठ्याला लावून.
पाड्यावर कुणी आलं की काढून दाखवतात,
म्हणतात, एवढ्यात वर्ष निघतं पोरीचं.

त्या पावतीवर ॲप्रन नाही.
जर्नलचं कव्हर नाही, जे कॉलेज रोडच्या एकाच दुकानातलं चालतं.
चौघींत मिळून फुटलेल्या ब्युरेटमधला
माझा चौथा तुकडा नाही.
सिन्नरच्या कारखान्याची सहल, ऐच्छिक,
आणि तिच्या रिपोर्टला दहा मार्क.
सेंड-ऑफची वर्गणी, स्वखुशीने, तीनशे.
स्वखुशी गोळा करत सीआर बाकाबाकावर फिरते,
माझ्या बाकाशी आली की मी पेनात रिफिल शोधते.

स्कॉलरशिप येणार आहे.
गेल्या वर्षीचीही येणार आहे.

म्हणून शनिवारी, मुहूर्त असेल तेव्हा,
मी गंगापूर रोडच्या लॉन्सवर उभी असते,
देवरेभाऊंच्या भाड्याच्या नऊवारीत,
नाकात दाबाची नथ.
उजव्या हातात गुलाबपाणी, डाव्या हातात पेढ्यांचं ताट,
आणि सहा तास "या, या."
डिसेंबरात नदीकडून वारा येतो,
चांदीची गुलाबदाणी बर्फासारखी होते,
पण शाल घ्यायची नाही, फोटोत येते.

सहा तासांचे पाचशे.
गजरा हरवला तर चाळीस कापून.
दहानंतर सिटीलिंक नाही, पेठ नाक्यापर्यंत रिक्षा,
तीही शेफाली सोबत असली तर निम्मी.
मायक्रोबायोलॉजीत शिकवतात
एका जंतूचे दोन होतात, दोनाचे चार.
पाचशेचं उलटं असतं.
खोलीत शिरेपर्यंत तीनशे नव्वद,
सोमवारी कँटीनपाशी पाहिलं तर त्याहून कमी,
आणि खाल्लेलं तर काही आठवत नाही.

त्या शनिवारी पैठणीत आल्या वडनेरे मॅडम.
मी गुलाबपाणी शिंपडलं त्यांच्या मनगटावर,
घड्याळ वाचवून.
"या, या," म्हटलं. पेढा पुढे केला.
त्यांनी पेढा घेतला, माझ्याकडे पाहिलं की नथीकडे
कळलं नाही,
मागे वराकडच्या बायकांची रांग होती.

सोमवारी बोर्डावर यादी लागली.
भोये रंजिता काळू, अडुसष्ट टक्के.
पंच्याहत्तरच्या खाली असलेल्यांनी
माफीचा अर्ज, दंड दोनशे, एचओडींची सही.

केबिनमध्ये डेटॉलचा वास.
अर्जात मी कारण लिहिलं होतं: आजारी.
मॅडमनी ते वाचलं, पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.
"शनिवारची प्रॅक्टिकल्सच गेलीत सगळी."
मी टेबलावरच्या काचेखालचं टाइमटेबल वाचत राहिले.
पंखा फिरत होता, थंडीतसुद्धा.
मग त्यांनी स्वतःच्या नाकाला बोट लावलं, हळूच, डाव्या बाजूला,
जिथे माझ्या नाकावर अजून लाल खळगा होता.
"दाबाची होती का गं?
दुखत नाही, एवढा वेळ?"

मी म्हटलं, पहिले दोन तास.
नंतर कळत नाही.

त्यांनी सही केली.
आजारी हा शब्द तसाच राहू दिला.
म्हणाल्या, शनिवारची बॅच गुरुवारी करता येते का बघते,
नक्की सांगत नाही.
दोनशे मात्र ऑफिसात भर, पावती घे.

खिडकीवर भाऊसाहेबांनी नोट घेतली,
उजेडाकडे धरली, नाकाशी नेली, हसले.
"लग्नातून आलात का ताई?"

पावती निळ्या शाईची, शिक्का वाकडा.
घरी पाठवलेल्या कागदांत ही एक नाही.
जर्नलच्या कव्हरमध्ये सारून ठेवलीय,
आणि गुरुवारची वाट बघतेय.